करवाढ टाळली, मग तिकीट कोणी वाढवलं?

मुंबई महानगरपालिकेच्या सर्व २२७ नगरसेविका आणि नगरसेवकांस,



१५ जानेवारी २०२६ रोजी आम्ही मतदान केलं, दुसऱ्या दिवशी निकाल लागला आणि मुंबईला पुन्हा सभागृह मिळालं. ७ मार्च २०२२ ला आधीच्या नगरसेवकांची मुदत संपली, तेव्हापासून जवळजवळ चार वर्षं शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. २०२३, २०२४ आणि २०२५ चे अर्थसंकल्प आयुक्तांनी मांडले आणि प्रशासक या नात्याने त्यांनीच मंजूर केले. समोर बसून प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं. आता तुम्ही आहात. पहिला अर्थसंकल्प तुमच्यासमोर येईल तेव्हा एक वाक्य हमखास कानावर पडेल: मुंबईकरांवर कोणतीही करवाढ नाही. त्या वाक्याला बाकं वाजवण्याआधी हे पत्र वाचावं, एवढ्यासाठी लिहितो आहे.

माझं म्हणणं असं की मुंबईत करवाढ होतच असते, फक्त घरपट्टीच्या बिलात दिसत नाही. ती बसच्या तिकिटात असते, टँकरच्या पावतीत असते, खासगी दवाखान्याच्या बिलात असते. घरपट्टी वाढली की मोर्चे निघतात, बॅनर लागतात. टँकर महागला तर सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडण होतं आणि प्रकरण तिथेच संपतं. म्हणून राज्यकर्त्यांना दुसरी वाट सोयीची वाटते. ती आम्हाला किती महाग पडते, त्याचा हिशोब कोणी मांडत नाही. मी मांडून पाहतो.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने मुंबईतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ केला. २०१७ च्या महापालिका निवडणुकीतलं ते आश्वासन होतं. १६ लाखांहून अधिक कुटुंबांना फायदा आणि तिजोरीला वर्षाला साधारण साडेचारशे कोटींची झळ, असा तेव्हाचा सरकारी अंदाज होता. भागाकार केला तर एका घराला वर्षाकाठी तीन हजारांच्या थोडी आतच रक्कम येते. आता दुसरी बाजू. ९ मे २०२५ पासून बेस्टचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० झालं आणि एसी बसचं ६ वरून १२. स्टेशनपर्यंत बसने जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाचे रोजचे दहा रुपये वाढले. वर्षाला कामाचे तीनशे दिवस धरले, तर तीन हजार झाले. घरपट्टीत दिलेलं सगळं एका माणसाच्या तिकिटात परत गेलं. घरातून दोघं बसने जात असतील, तर ते घर उलट तोट्यात आहे. भाडेवाढीतून बेस्टला वर्षाला पाचशे कोटींहून जास्त मिळतील असा अंदाज होता. म्हणजे जेवढे माफ केले, जवळपास तेवढेच वसूल करायचे ठरले. फक्त खिसा बदलला.

आणि खिसा बदलला हेच महत्त्वाचं आहे. माफी घराच्या मालकाला मिळाली. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचं भाडं घरपट्टी माफ झाली म्हणून उतरल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तिकीट मात्र मालक आणि भाडेकरू दोघांचंही वाढलं, आणि बसची वाट बघणाऱ्यांत कोण जास्त असतात हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यात माफी मोजली ती चौरस फुटांत. २०१० पासून मुंबईत घरपट्टी भांडवली मूल्यावर, म्हणजे रेडी रेकनरच्या दराच्या आधाराने लागते. त्यामुळे जुहूच्या कोट्यवधींच्या ४८० फुटी घराला जी रक्कम माफ होते, ती मुलुंडमधल्या तेवढ्याच घरापेक्षा जास्त असते. शिवाय मुलुंडमध्येच जुन्या सोसायटीतल्या ५१० फुटांच्या घरात निवृत्त शिक्षक राहत असेल, तर त्याला पूर्ण बिल येतं. ही गरिबांची सवलत आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही.

संध्याकाळी सातच्या सुमाराला अंधेरी पूर्वेला आगरकर चौकात जाऊन बघा. लोकलमधून उतरलेली गर्दी जिन्यावरून खाली येते आणि दोन रांगांत फुटते. एक बसची, दुसरी शेअर रिक्षाची. बसच्या रांगेत पिशव्या घेतलेल्या बाया, कॉलेजची पोरं, गणवेशातले वॉचमन. बस वेळेवर आली नाही की रांगेतला एकेक जण मान उंचावून रस्त्याकडे बघतो, मोबाइल बघतो, आणि मग निमूटपणे रिक्षाच्या रांगेत जाऊन उभा राहतो. तो दुसऱ्या रांगेत गेला की त्याचा रोजचा खर्च पुन्हा वाढतो. याची नोंद कुठल्याही अर्थसंकल्पात होत नाही. जुलै २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडं ८ वरून ५ रुपये केलं होतं आणि प्रवासी परतले होते. पण दशकभरापूर्वी चार हजारांवर गाड्या असलेल्या बेस्टचा ताफा आटत गेला आणि स्वतःच्या मालकीच्या गाड्या तर हजाराच्याही खाली आल्या. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात बेस्टला मिळाले १,००० कोटी. तो अर्थसंकल्प होता ७४,४२७ कोटींचा.

एवढा मोठा आकडा असताना चणचण कसली, असं कोणीही विचारेल. म्हणून पैसा येतो कुठून ते बघायला हवं.

३० जून २०१७ च्या मध्यरात्रीपर्यंत मुंबईचं सगळ्यात मोठं उत्पन्न मुलुंड, दहिसर, मानखुर्दच्या नाक्यांवर उभ्या असलेल्या ट्रकमधून यायचं. जीएसटी आला, जकात गेली, नाके ओस पडले. त्या बदल्यात राज्य सरकार भरपाई देतं. पहिल्या महिन्याचा धनादेश ६४७ कोटींचा होता आणि कायद्याने ही रक्कम दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढते. २०२५-२६ साठी वर्षाची रक्कम १४,३९८ कोटी धरली होती. म्हणजे महापालिकेच्या उत्पन्नातला सर्वांत मोठा वाटा आज मंत्रालयातून येतो. जकात कितीही वाईट असली, तरी ती शहराची स्वतःची होती. भरपाई कितीही नियमित असली, तरी ती दुसऱ्याच्या सहीची आहे.

त्यानंतरचा मोठा वाटा बांधकामाचा. एफएसआय, फंजिबल, प्रीमियम वगैरे, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीसाठी भरावे लागणारे पैसे मिळून, विकास नियोजन खात्याकडून ९,७०० कोटी अपेक्षित होते. मालमत्ता कर होता ५,२०० कोटी. म्हणजे उभ्या असलेल्या मुंबईपेक्षा पाडून पुन्हा बांधल्या जाणाऱ्या मुंबईतून महापालिकेला जवळजवळ दुप्पट मिळतं. उपनगरांत राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. घाटकोपर पूर्वेला, मुलुंड पश्चिमेला, बोरिवलीत गल्लीआड एक इमारत पडदे लावून उभी आहे. चार मजल्यांच्या जागी वीस मजले येतात. प्रीमियम एकदाच मिळतो. तिथे राहायला आलेल्या कुटुंबांना पाणी रोज लागतं, मलनिःसारण रोज लागतं, कचऱ्याची गाडी रोज लागते. एकदाच आलेल्या पैशातून रोजचा खर्च भागवणं म्हणजे जमीन विकून किराणा भरणं. विकायला जमीन आहे तोवर घर श्रीमंत दिसतं.

मुदत ठेवींचंही तसंच. एके काळी ९२ हजार कोटींवर गेलेल्या ठेवी २०२५ च्या सुरुवातीला ८२ हजार कोटींच्या आत आल्या. यातल्या काही भविष्यनिर्वाह निधीच्या, निवृत्तिवेतनाच्या, कंत्राटदारांच्या अनामत रकमेच्या आहेत, म्हणजे खर्चायला मोकळ्या नाहीतच. उलट हाती घेतलेल्या प्रकल्पांची देणी दोन लाख कोटींच्या पुढे आहेत. २०२५-२६ मध्ये ५८ टक्के रक्कम भांडवली कामांसाठी होती. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता, वर्सोवा-दहिसर सागरी मार्ग, रस्त्यांचं काँक्रिटीकरण, मलजल प्रक्रिया केंद्रं. ही कामं नकोत असं मी म्हणत नाही. मुलुंडहून गोरेगावला जायला पवईच्या कोंडीत अडकणारा कोणीही तसं म्हणणार नाही. पण बोगदा बांधायला निघालेल्या महापालिकेला नर्स, लाइनमन, बसचालक आणि सफाई कामगार भरताना मात्र पैसा आठवतो, हे उलटं आहे.

पाण्याचं बघा. पाणीपट्टी दरवर्षी ८ टक्क्यांच्या मर्यादेत वाढवायची असा निर्णय २०१२ मध्येच झाला. २०२३ पासून ही वाढ राजकीय आदेशाने थांबली. इमारतीत राहणाऱ्या आम्हाला हजार लिटर पाणी सात रुपयांपेक्षाही कमीत मिळतं. भातसा, तानसा, वैतरणेहून शंभरेक किलोमीटर वाहून आलेलं, शुद्ध केलेलं पाणी! ते पुरेसं आलं असतं तर हा जगातला सर्वोत्तम सौदा ठरला असता. पण उन्हाळा लागला की अंधेरीच्या टेकडीवरच्या वस्त्यांत आणि पाइपलाइनच्या टोकाच्या सोसायट्यांत टँकर सुरू होतात, आणि तिथे तेच हजार लिटर शंभर-दोनशे रुपयांना पडतं. एप्रिल २०२५ मध्ये टँकरचालकांनी संप केला, तेव्हा चार-पाच दिवसांत मुंबईची त्रेधा उडाली आणि आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा बडगा उगारावा लागला. पाणीपट्टी वाढवली नाही म्हणून कौतुक करून घेणाऱ्यांनी ते दिवस आठवावेत. दरवर्षी महिन्याला दहा-वीस रुपये वाढू न देण्याची किंमत गळक्या वाहिन्या आणि टँकरच्या रूपाने कोणी तरी मोजतच असतं.

कचऱ्याचं धोरण आणखी मजेशीर. एप्रिल २०२५ मध्ये महापालिकेने उपविधींचा मसुदा आणला. ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिन्याला १०० रुपये, त्याहून मोठ्याला ५००, ३०० चौरस मीटरच्या वर १,००० अशी कचरा शुल्काची कल्पना त्यात होती. विरोध झाला आणि शुल्क बाजूला पडलं. पण कल्पना काय होती ते बघा. ५०० चौरस फूट म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. ज्या घराला घरपट्टी माफ केली, त्याच घराकडून वर्षाला १,२०० रुपये शुल्क घ्यायचं. एका हाताने द्यायचं, दुसऱ्या हाताने काढायचं, आणि मधल्या मधे कर हा शब्द कुठेही येऊ द्यायचा नाही.

आता तुमच्या बाजूची खरी अडचण मला कळत नाही असं नाही. कर वाढवा म्हटलं की लोक विचारतात, कशासाठी? अंधेरीकर गोखले पुलाकडे बोट दाखवतात. ३ जुलै २०१८ ला त्याचा भाग रुळांवर कोसळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी एक बाजू उघडली, तर ती शेजारच्या बर्फीवाला पुलाला जुळेचना. दोन्हींच्या उंचीत चांगला माणूसभर फरक! मग जॅक लावून जुना पूल उचलावा लागला, आणि पूर्ण पूल सुरू व्हायला मे २०२५ उजाडलं. बोरिवलीकर भगवती रुग्णालयाकडे बोट दाखवतात. जुनी इमारत पाडून दहा वर्षं उलटली, पुनर्विकासाचं गाडं रखडत राहिलं, आणि आता ते खासगी भागीदारीत चालवायची भाषा सुरू झाली. आकडे वाचून लोक कर भरत नाहीत. गल्लीत काय दिसतं ते बघून भरतात. गेल्या चार वर्षांत गल्लीत काय दिसलं? झाडांना आणि खांबांना गुंडाळलेले रंगीत दिवे.

पण अविश्वास हे कर न वाढवण्याचं कारण असेल, तर ते तिकीट वाढवण्याचंही असू शकत नाही. कर टाळून विश्वास परत मिळत नाही. उलट कराबरोबर हिशोब मागण्याचा हक्कही जातो. ज्याने काही भरलंच नाही, त्याला वॉर्ड ऑफिसात 'तुमचं बिल दाखवा' एवढं म्हणून गप्प बसवता येतं.

या शहरात हा धडा जुना आहे. १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. माणूस कर्तबगार, पण खर्चाला हात सैल. मंडई उभी राहिली, रस्ते झाले आणि तिजोरी रिकामी झाली. १८७१ मध्ये करदात्यांनी एवढं रान उठवलं, की क्रॉफर्ड यांना जावं लागलं आणि १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांचं कॉर्पोरेशन आलं. त्यातले निम्मे सदस्य करदात्यांनी निवडून द्यायचे होते. तरुण फिरोजशहा मेहता त्या वादात हिरिरीने उतरले होते. तेव्हा मताचा हक्क मूठभर करदात्यांनाच होता, आज तो सगळ्यांना आहे, हे बरंच झालं. पण ज्या खुर्चीवर तुम्ही बसला आहात, ती मुळात 'आमच्या पैशाचं काय केलं?' या प्रश्नातून जन्माला आली. अंधेरी आणि घाटकोपर १९५० मध्ये या महापालिकेत आले, बोरिवली आणि मुलुंड १९५७ मध्ये. आमच्या आजोबांच्या पिढीने आपल्या गावच्या नगरपालिका सोडून मोठ्या शहरात शिरताना धरलेली अपेक्षा साधी होती: पाणी, गटार, दवाखाना, शाळा आणि स्टेशनपर्यंत जायला बस.

निवडणुकीत तुमच्यापैकी काहींनी ७०० चौरस फुटांपर्यंत माफी नेण्याचं वचन दिलं. काहींनी महिलांना बेस्टमध्ये निम्मं भाडं आणि पाणीपट्टी न वाढवण्याचं. दोन्ही बाजूंच्या जाहीरनाम्यांत पैसे कुठून आणायचे हा रकाना रिकामा होता. तो आता भरावा लागेल. त्यासाठी माझ्या पाच मागण्या आहेत.

पहिली: घरपट्टीची माफी चौरस फुटांवर न ठेवता भांडवली मूल्यावर ठेवा. ठरावीक मूल्यापर्यंत पूर्ण माफी, त्यापुढे चढता दर. मुलुंडच्या शिक्षकाला दिलासा मिळेल आणि जुहूचं छोटं पण श्रीमंत घर आपला वाटा भरेल. यासाठी राज्याकडे जावं लागेल. जा. आणि ७०० फुटांचं नाव तूर्तास काढू नका.

दुसरी: कायद्याप्रमाणे भांडवली मूल्याची फेरआकारणी दर पाच वर्षांनी व्हायची असते. २०२० ची फेरआकारणी आधी करोनामुळे आणि मग सोयीसाठी पुढे ढकलत नेली. थोडीथोडी होणारी वाढ साचवून एकदम लोकांच्या अंगावर टाकणं याला दयाळूपणा म्हणत नाहीत. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम शहराने २०२३ मध्ये व्यवहारात दिवाळखोरीचीच घोषणा केली. पुढच्या वर्षी तिथे एका फटक्यात सुमारे १० टक्के करवाढ आली, आणि त्याबरोबर ग्रंथालयं आणि युवक केंद्रांवर कात्रीही. साचू दिलेल्या देण्यांचं ते बिल होतं. पाणीपट्टीलाही हेच लागू आहे: थोडी वाढ, दरवर्षी, जास्त वापरणाऱ्याला जास्त, आणि तो पैसा आधी गळती बुजवण्यावर.

तिसरी: ज्या प्रभागातल्या बांधकामाचा प्रीमियम, त्यातला ठरलेला हिस्सा त्याच विभागाच्या जलवाहिन्या, मलवाहिन्या आणि मोकळ्या जागांवरच खर्च व्हावा. वीस मजले चढवायची परवानगी देताना खालची सहा इंची वाहिनी कोण बदलणार, हे त्याच कागदावर लिहिलेलं असावं.

चौथी: बेस्टला अनुदानाच्या रांगेत उभं करू नका. बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करण्याचा ठराव २०१७ मध्ये याच सभागृहाने केला होता. तो धूळ खात पडला आहे. रस्ते, दिवे, पाणी यांच्याप्रमाणे बस ही शहराची सेवा आहे असं मान्य करा आणि तिचा खर्च तसाच मांडा.

पाचवी मागणी या सगळ्यांच्या मुळाशी आहे. करवाढ, भाडेवाढ, शुल्कवाढ, रुग्णालयातली दरवाढ, हे सगळं वर्षातून एकदा, एकाच तक्त्यात, सभागृहापुढे आणा. शेजारी दोन रकाने असू देत: यातून किती येणार आणि ते कोणाच्या खिशातून येणार. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांकडून प्रभागातल्या कामांच्या सूचना मागवून त्यांचा अर्थसंकल्पात समावेश करायला सुरुवात केली. त्यात उणिवा असतील, पण दार तरी उघडलं. मुंबईत निदान विभाग कार्यालयात, मराठीत, हा तक्ता टांगा. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, प्रत्येक ठिकाणी एक रविवार ठेवा आणि लोकांसमोर बसा. शिव्याही खाव्या लागतील. त्या कामाचाच भाग आहेत.

हे पत्र लिहिणाऱ्याच्या घराला घरपट्टी लागते. ती वाढली तर कुरकुर करीनच, तो माझा हक्क आहे. पण बिल उघडून मी सर्वसाधारण कर, जल कर, मलनिःसारण कर, पथकर, वृक्ष उपकर अशा ओळी वाचू शकतो आणि प्रत्येक ओळीचा जाब तुम्हाला विचारू शकतो. दहा रुपयांच्या तिकिटावर तसली एकही ओळ छापलेली नसते. म्हणून पैसे घ्यायचेच असतील, तर ज्या कागदावर हिशोब मागता येतो त्याच कागदावर मागा. अर्थसंकल्पाच्या दिवशी तुमच्यापैकी एकाने जरी उठून 'करवाढ नाही, हे ठीक. पण मग या वर्षी काय काय महागणार आहे?' एवढं विचारलं, तरी चार वर्षं रिकाम्या असलेल्या त्या सभागृहाचं काम सुरू झालं, असं आम्ही समजू.

आपला,
अंधेरीतला एक करदाता आणि बसप्रवासी